हॅमस्टर आणायचा आहे: कोणता घ्यावा, कशात ठेवावा?

सावनी_के | १८ जानेवारी, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. माझी मुलगी पाचवीत आहे. वर्षभर तिचं एकच पालुपद चाललंय, हॅमस्टर आणूया. आम्ही पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो, घर दोन बेडरूमचं, सोबत सासूबाई. दिवसभर घरात त्या एकट्याच असतात आणि त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून कुत्र्या-मांजराचा विचार नाही. हॅमस्टरला हो म्हटलंय, पण आधी नीट शिकायचं आणि मगच आणायचा, असं लेकीशी ठरलंय.

परवा एका दुकानात चौकशीला गेलो होतो. एका काचेच्या पेटीत वीस-पंचवीस पिल्लं एकमेकांच्या अंगावर पडून झोपली होती. दुकानदाराने बुटाच्या खोक्याहून जेमतेम मोठा, रंगीत दांड्यांचा दुमजली पिंजरा पुढे केला. म्हणाला, "जोडीच न्या ताई, एकटा झुरून मरतो." मला काही ते पटेना. लेक रडवेली झाली, पण रिकाम्या हाताने परत आलो.

कोणती जात घ्यावी? जोडी खरंच लागते का? पिंजरा केवढा हवा? आणि पुण्याचा उन्हाळा त्याला झेपेल का? ज्यांनी स्वतः पाळलेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

ओंकार_डोंबिवली | १८ जानेवारी, रात्री ११:४०

जोडी आणू नका. सगळ्यात आधी हे लिहितो, बाकीचं नंतर.

चार वर्षांपूर्वी मीही असाच ऐकून सिरियन जातीचे दोन आणले होते. "सख्ख्या बहिणी आहेत, भांडत नाहीत," असं सांगितलं होतं. महिनाभर खरंच एकत्र झोपायच्या. मग रात्री चीं चीं ऐकू यायला लागलं, मला वाटलं खेळतायत. एका सकाळी पाहिलं तर एक कोपऱ्यात अंग चोरून बसलेली, पोटाखाली आणि पाठीवर चावे. दवाखाना उघडेपर्यंत ती गेली. लहान पिंजऱ्यात तिला पळायला जागाच नव्हती.

सिरियन हॅमस्टर निसर्गातही एकटाच राहतो. पिल्लं सहा-आठ आठवड्यांची झाली की एकमेकांना सहन करत नाहीत, मग सख्खी असोत वा नसोत. दुसरी भीती अशी की नर-मादी ओळखण्यात दुकानात सर्रास चूक होते. सिरियन मादीचा गर्भकाळ फक्त १६ दिवसांचा असतो, आणि महिना-दीड महिन्याची पिल्लंसुद्धा वयात येतात. दोन आणाल आणि महिन्याभरात दहा होतील.

दुसरी जी वाचली ती नंतर दोन वर्षं एकटी राहिली. झुरली बिरली नाही, छान होती.

रानवारा | १९ जानेवारी, सकाळी ७:०५

माझं मत वेगळं आहे, रागावू नका. जो प्राणी रात्री जागतो, माणसाच्या सहवासाची ज्याला गरज नाही, बिळात राहणं हाच ज्याचा धर्म, त्याला तिसऱ्या मजल्यावर पेटीत ठेवायचंच कशाला? मुलीला प्राण्यांची आवड असेल तर गच्चीवर पक्ष्यांसाठी पाणी ठेवा.

म्युनिककर | १९ जानेवारी, दुपारी २:२०

रानवारा, तुमचा मुद्दा मला मनापासून पटतो. पण जे पाळीव म्हणूनच जन्मलेत त्यांना बाहेर सोडता येत नाही, त्यांना कुठेतरी घर लागणारच. म्हणून ते कसं असावं यावर लिहितो.

थोडा इतिहास सांगतो, कारण बाकी सगळं त्यातूनच समजतं. १९३० साली जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले प्राणिशास्त्रज्ञ इस्राएल अहारोनी यांनी सीरियातल्या अलेप्पोजवळच्या शेतातून बीळ खणून एक मादी आणि तिची पिल्लं मिळवली. त्यातली काही मेली, काही पळाली, जी उरली त्यांच्यापासून प्रयोगशाळेत वंश वाढला. आज जगभर घराघरांत असलेले सिरियन हॅमस्टर बहुतांशी त्या एका वेताचे वंशज आहेत. म्हणजे शंभर वर्षंसुद्धा झाली नाहीत. कुत्र्यासारखी हजारो वर्षांची सोबत इथे नाही. पुढे जर्मन संशोधकांनी त्याच भागात जंगली हॅमस्टरांची बिळं मोजली, ती ३६ सेंटिमीटरपासून १०६ सेंटिमीटरपर्यंत खोल निघाली. जमिनीवर बेफाम ऊन, खाली थंड ओलसर खोली, शेजारी धान्याचं कोठार.

आता त्या दुमजली पिंजऱ्याकडे बघा. त्याला मजले आहेत, पण जमीन कुठे आहे? हॅमस्टरला माडी नको, तळघर हवं.

स्वित्झर्लंडमध्ये बर्न इथे २००६ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. हॅमस्टरांना १०, ४० आणि ८० सेंटिमीटर खोल भुसा दिला. १० सेंटिमीटरवाले सर्वात जास्त वेळ पिंजऱ्याचे गज कुरतडत बसायचे, ८० सेंटिमीटरवाल्यांनी ते केलंच नाही. गज चावणं ही दातांची खाज नसते, ती अस्वस्थता असते. आमच्याकडे जर्मनीत प्राणी कल्याणासाठी काम करणाऱ्या पशुवैद्यांच्या संघटनेची शिफारस कमीत कमी १०० × ५० सेंटिमीटर तळ आणि ५० सेंटिमीटर उंची अशी आहे. मी तर म्हणेन त्याहून मोठंच करा.

जाता जाता: जर्मन भाषेत 'हाम्स्टर्न' म्हणजे साठा करणं. करोनाच्या काळात दुकानं रिकामी झाली तेव्हा इथे जो तो 'हाम्स्टरकॉयफं' म्हणत होता. गालाच्या पिशव्या भरून धान्य नेणारा हा प्राणी इथल्या भाषेत असा मुरलेला आहे.

सावनी_के | १९ जानेवारी, रात्री ९:३०

म्युनिककर, तळघराचं वाक्य मी लेकीला वाचून दाखवलं. तिने लगेच वहीत चित्र काढलं, वर पाळणाघरासारखी खेळणी आणि खाली चार खोल्या.

१०० × ५० म्हणजे साधारण सव्वातीन फूट बाय पावणेदोन फूट. एवढी तयार पेटी इथे कुठे दिसली नाही. घरी करवून घ्यायची तर कशाची?

ओंकारदादा, वाचून वाईट वाटलं. एकच आणणार, हे नक्की.

पशुवैद्य_नाशिक | २० जानेवारी, रात्री ११:१५

जात निवडण्याबद्दल. भारतात प्रामुख्याने सिरियन आणि बुटक्या जातींपैकी रोबोरोव्स्की, कॅम्पबेल, विंटर व्हाइट मिळतात. रोबोरोव्स्की जेमतेम २० ते २५ ग्रॅमचा, अंगठ्याएवढा आणि विजेसारखा चपळ. तो बघायचा प्राणी आहे, हातात घ्यायचा नाही. कॅम्पबेलमध्ये मधुमेहाचं प्रमाण जास्त, त्यामुळे फळं, गाजर, मध लावलेली 'ट्रीट' त्याला जवळजवळ बंद. सिरियन १०० ते १५० ग्रॅमचा, शांत, ओंजळीत नीट मावतो. दहा वर्षांच्या मुलीच्या घरात सिरियनच घ्या.

निवडताना संध्याकाळी उशिरा जा, म्हणजे ते जागे असतात. डोळे टपोरे आणि कोरडे, नाक स्वच्छ, फर दाट, चालताना लंगडणं नाही, श्वासाला टकटक किंवा शिट्टीसारखा आवाज नाही. दात पिवळे-नारिंगी असतात, ते तसेच असायला हवेत. सर्वात महत्त्वाचं, शेपटीखालचा भाग कोरडा हवा. तिथे ओल किंवा घाण दिसली तर तो हॅमस्टर तर नकोच, पण त्या पेटीतला कुठलाच नको. पिल्लांमध्ये जागा बदलल्याच्या ताणाने पाण्यासारखे जुलाब होतात, त्याला 'वेट टेल' म्हणतात, आणि दोन दिवसांत पिल्लू जातं. उद्या बघू म्हणू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

एक हात जोडून विनंती. घरातलं लहान मुलांचं अँटिबायोटिक 'थेंबभर' देऊ नका. अमॉक्सिसिलिनसारखी पेनिसिलिन गटातली औषधं हॅमस्टरच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मारतात आणि प्राणी औषधानेच दगावतो. माझ्याकडे असे किती आले ते सांगवत नाही. हॅमस्टर आणण्याआधीच, लहान प्राणी तपासणारा डॉक्टर गावात कोण आहे ते शोधून ठेवा. कुत्रा-मांजर पाहणारे सगळेच उंदीरवर्गीय प्राणी हाताळत नाहीत.

२०१८च्या केंद्रीय नियमांनुसार पाळीव प्राणी विकणाऱ्या दुकानाला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. बेलाशक विचारा.

घरात कुणी गरोदर असेल तर हॅमस्टर आणणं लांबणीवर टाका. त्यांच्यापासून क्वचित एका विषाणूचा संसर्ग होतो, जो गर्भाला घातक ठरतो. बाकी सगळ्यांनी हात धुवायचे, एवढं पुरे.

शेवंती | २१ जानेवारी, दुपारी १:००

डॉक्टर, दात पिवळे असतात हे माहीत नव्हतं. माझ्या भाच्याने ते किडलेत समजून घासायला घेतले होते!

सावनी, संक्रांतीची सुगडं टाकू नकोस. धुऊन वाळवून आडवी ठेवली की थंडगार घर होतं. माझ्या रोबोरोव्स्कीला फार आवडायचं. सिरियनला मात्र तोंड लहान पडेल, गाल भरलेले असताना अडकतो. त्याला सात सेंटिमीटरचं तोंड तरी हवं, म्हणजे आडवी कुंडी किंवा मोठ्या नारळाची करवंटी. खायला पणती. हलकं प्लॅस्टिक तो उलथवतो आणि कुरतडतोही.

वऱ्हाडी_सुमेध | २१ जानेवारी, रात्री १०:४८

उन्हाळ्याचं मी सांगतो, कारण मी तिथेच चुकलो.

नागपूरला मे महिन्यात ४५च्या आसपास पारा जातो हे काही नवीन नाही. आमच्याकडे कूलर होता, हॅमस्टरची काचेची पेटी त्याच खोलीत. मला वाटलं झालं काम. दुपारी दीडला लाइट गेली, मी ऑफिसमध्ये. साडेचारला आलो तर तो आडवा पसरला होता, तोंडाखालची फर लाळेने ओली. गार पाण्यात बुडवू नये एवढं माहीत होतं, ओल्या फडक्याने पाय-कान पुसले, गाडी काढली, पण रस्त्यातच गेला. काचेच्या पेटीत वारा खेळत नाही, वरून उष्णता आत कोंडते. पारा तिशीच्या वर गेला की याचं शरीर हरतं, याला घाम येत नाही.

आता दुसरा हॅमस्टर आहे आणि मी असं करतो: पेटी घराच्या सगळ्यात आतल्या, पश्चिमेची भिंत नसलेल्या खोलीत. पेटीत थर्मामीटर कायम. कडप्प्याचा एक तुकडा आत, एक फ्रीजमध्ये, आलटून पालटून. पाण्याची बाटली गोठवून फडक्यात गुंडाळून पेटीला बाहेरून टेकवून ठेवतो. एप्रिल-मे इन्व्हर्टरवर पंखा, तोही पेटीवर थेट नाही. आणि शेजारच्या काकूंकडे चावी: लाइट गेली की त्या येऊन बघतात. शेजारी कुणी नसेल तर उन्हाळ्यात हॅमस्टर एकटा सोडून बाहेर जाऊ नका.

पशुवैद्य_नाशिक | २१ जानेवारी, रात्री ११:३०

सुमेध, तुम्ही जे केलंत ते बरोबरच होतं, वेळ हातातून गेली होती.

याची उलट बाजूही सांगतो. आमच्या निफाडकडे थंडीत पारा ५च्या खाली जातो. गारठ्यात हॅमस्टर सुन्न होऊन पडतो, अंग गार, श्वास मिनिटाला एखाददुसरा. लोक मेला समजून पुरतात. आधी हातात धरून अर्धा तास हळूहळू ऊब द्या, मिशा हलतात का पाहा, आणि डॉक्टरकडे न्या.

गृहिणी_सांगली | २२ जानेवारी, सकाळी ११:२०

खाली काय पसरायचं ते कुणीच लिहिलं नाही. सुताराकडचा भुसा नको, त्यात प्लायचा चुरा, फेविकॉल, पॉलिश सगळं असतं. चीड-देवदाराचा वासाचा भुसाही नको, श्वासाला त्रास होतो. कापूस आणि तो मऊ 'हॅमस्टर कॉटन' तर अजिबात नको, पायाला धागे गुंडाळतात, पोटात गेले तर आतडं बंद होतं. कागदी बेडिंग मिळतं ते घ्यावं, किंवा न छापलेल्या कागदाच्या पट्ट्या आणि साधा टिश्यू. मध्येमध्ये वाळलेल्या गवताचे थर दिले की बोगदे ढासळत नाहीत.

जड वस्तू, म्हणजे फरशी, कुंडी, चाक, नुसत्या भुशावर ठेवू नका. तो खालून पोखरतो आणि ती वस्तू त्याच्या अंगावर बसते. खाली लाकडी ठोकळे लावून त्यावर ठेवा.

दर रविवारी सगळं काढून लख्ख धुवायची आपली सवय इथे चालत नाही. त्याला नीट दिसत नाही, त्याचं घर त्याच्या वासाने बनलेलं असतं. मुताचा कोपरा तेवढा काढायचा, बाकी महिना-दीड महिन्याने तिसरा हिस्सा बदलायचा आणि जुनं थोडं तसंच ठेवायचं. त्याला पाण्याने आंघोळ कधीच नाही. एका थाळ्यात धुऊन, चाळून, भाजून गार केलेली वाळू द्या, तो स्वतः लोळून स्वच्छ होतो. वाळूच हवी, पिठासारखी धूळ नको.

मुंग्यांसाठी पेटीच्या टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, आपल्या आज्या दुधाच्या कपाटाला करायच्या तसं. मुंग्यांचा खडू, डासांची कॉइल, उदबत्ती त्या खोलीत नको.

ओंकार_डोंबिवली | २२ जानेवारी, रात्री ९:१०

काकू, सगळं मोलाचं लिहिलंत. फक्त चाकाची भर घालतो. पिंजऱ्यासोबत येतं ते चाक वितभरही नसतं, सिरियन त्यात धावला की पाठ धनुष्यासारखी वाकते. त्याला २८-३० सेंटिमीटर व्यासाचं चाक लागतं, बुटक्यांना २० पुरे. पृष्ठभाग सलग हवा, दांड्यांमध्ये पाय अडकून मोडतो. आणि तो पारदर्शक चेंडू मुळीच नको, आत त्याला वास येत नाही, थांबता येत नाही, घाबरून पळत सुटतो आणि आपल्याला वाटतं खेळतोय.

सावनी_के | १६ फेब्रुवारी, रात्री १०:०५

मंडळी, पेटी झाली!

सोसायटीच्या सुतारदादांकडून करवून घेतली. १२० सेंटिमीटर लांब, ६० रुंद, ६० उंच. तीन बाजू आणि तळ प्लायचा, आतून सनमायका, म्हणजे ओल मुरत नाही. पुढची बाजू ५ मिलिमीटर काचेची, बोगदे दिसावेत म्हणून. अख्खी काचेची केली नाही, सुमेधदादांचं वाचल्यावर हिंमत झाली नाही. झाकण म्हणजे लाकडी चौकटीत बारीक वेल्डमेश, वारा खेळता राहतो. मागच्या बाजूलाही जाळीच्या दोन खिडक्या. फेविकॉलचा वास जाईपर्यंत पंधरा दिवस बाल्कनीत उघडी ठेवली होती.

डाव्या बाजूला ३० सेंटिमीटर भुसा, उजवीकडे उतरत १५. सगळं मिळून दीडशे लिटरच्या वर लागला. खर्च पिंजऱ्यापेक्षा खूपच झाला, ते खरं. सासूबाई म्हणाल्या, "एवढीशी बाई आणि एवढा वाडा?" मग स्वतःच कपाटातली मोठी करवंटी कानस मारून गुळगुळीत करून दिली.

आता खरा प्रश्न. कोथरूडला एक विद्यार्थिनी परदेशी शिकायला चाललीये. तिच्याकडे दहा महिन्यांची सिरियन मादी आहे, बुंदी नावाची. ती द्यायला तयार आहे. हॅमस्टर दोन-अडीच वर्षं जगतो, म्हणजे आमच्या वाट्याला दीडच वर्ष येणार. लेकीला पिल्लू हवं होतं. तुम्ही काय कराल?

शेवंती | १६ फेब्रुवारी, रात्री १०:३०

बुंदी आण. हाताची सवय असलेली, जुलाबाचं वय उलटलेली, आणि तिलाही घर हवंय. लेकीला वयाचा हिशेब मात्र आधीच सांग.

रानवारा | १७ फेब्रुवारी, सकाळी ६:५०

मी पहिल्यांदा विरोध केला होता. पेटीचं वर्णन वाचलं. बुंदीला आणा.

पशुवैद्य_नाशिक | १७ फेब्रुवारी, रात्री ११:००

आणताना तिच्या जुन्या घरातला दोन मुठी भुसा सोबत आणा आणि नव्या पेटीत घाला. पहिले तीन दिवस हात लावू नका, फक्त अन्न-पाणी. त्यानंतर रोज संध्याकाळी तळहातावर भोपळ्याची बी ठेवून हात आत स्थिर ठेवा. झोपलेली असताना कधीही उचलू नका, दचकून चावते. चावलीच तर साबणाने धुवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं आपल्या डॉक्टरांना विचारा. घरात वाढलेल्या हॅमस्टरमुळे रेबीज होण्याची शक्यता नगण्य आहे, घाबरू नका.

सावनी_के | १२ मार्च, रात्री ११:२०

बुंदीला येऊन तीन आठवडे झाले. मी लेकीला स्पष्ट सांगितलं होतं, ही तू सातवीत जाशील तोवर असेल, कदाचित त्याआधीही जाईल. ती बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "मग तिला रोज भेटायला हवं."

पहिल्या रात्री बुंदीने चाकाकडे बघितलंही नाही. रात्रभर माती उपसावी तसा भुसा उपसत होती. सकाळी काचेतून पाहिलं तर थेट तळापर्यंत बोगदा आणि टोकाला गोल खोली. आधीच्या घरी ती तासन्‌तास गज चावायची, असं ती मुलगी म्हणाली होती. इथे जाळीला तिने अजून तोंड लावलेलं नाही.

खाण्यात बाजरी, राळे, नाचणी, ज्वारी, थोडं जवस, मोजक्या सूर्यफुलाच्या बिया. आठवड्यातून दोनदा बिनमिठाच्या उकडलेल्या अंड्याचा बोराएवढा तुकडा. रोज काकडी किंवा मेथीची दोन पानं. कांदा, लसूण, लिंबू-संत्रं, चॉकलेट बंद. वाटीत न देता सासूबाई दाणे पेटीभर विखरून टाकतात, म्हणजे ती शोधत फिरते. धान्य निवडण्याचं काम त्यांनी आपणहून घेतलंय.

वऱ्हाडी_सुमेध | १२ मार्च, रात्री ११:५५

साठवलेली काकडी सडते, तिचं कोठार दोन दिवसांनी बघत जा. धान्याला मात्र हात लावू नका, तिची पुंजी आहे ती.

सावनी_के | ४ मे, रात्री १२:१०

आज पुण्यात ४१ होते. पेटीतला थर्मामीटर दुपारी वरच्या बाजूला ३० दाखवत होता, म्हणून फरशी बदलली आणि गोठलेली बाटली मागच्या जाळीला टेकवली, तासाभरात २७वर आला. तीनला लाइट गेली. सासूबाईंनी मला फोन केला, पण मी पोचायच्या आत त्यांनी फ्रीजमधली दुसरी फरशी आत सरकवली होती.

बुंदीने मात्र आपली सोय आधीच केली होती. करवंटीतलं सगळं बिऱ्हाड तिने परवाच खाली नेलं, अगदी तळाच्या कोपऱ्यात. लेकीने काचेला पट्टी लावून मोजलं, पृष्ठभागापासून २८ सेंटिमीटर.

नवी_सदस्या_सातारा | ५ मे, सकाळी ९:४०

आजच सगळा धागा वाचून काढला. माझ्याकडे बुटका आहे, विंटर व्हाइट, सध्या छोट्या पिंजऱ्यात. तुमच्या पेटीचं जाळीचं माप द्याल का? तो बारीक फटीतून निसटतो.

सावनी_के | ५ मे, रात्री ८:१५

आमच्या जाळीची चौकट १२ मिलिमीटरची आहे, सिरियनला चालते. तुमच्यासाठी ६ मिलिमीटरची घ्या. झाकणाला चारही बाजूंनी कडी लावून घ्या, एका बाजूची पुरत नाही. सुतारदादांनी काढलेलं कागदावरचं चित्र माझ्याकडे आहे, निरोपातून पाठवते.